कौल मानायची तयारी आहे का?

अंबरनाथ तालुक्यात एक गड आहे. कुणी त्याला हाजी मलंग म्हणतं, कुणी श्रीमलंगगड. पायथ्याच्या गावांतली आगरी माणसं नुसतं 'बाबा' म्हणतात आणि नारळ घेऊन वर चढतात. गडाच्या पीरमाची या टप्प्यावर आहे ती कबर की समाधी, यावर गेली चाळीसेक वर्षं भांडण चालू आहे. मोर्चे निघतात, बंदोबस्त लागतो, निवडणूक जवळ आली की भाषणं होतात. या भांडणात मला एकच प्रश्न विचारायचा आहे आणि तो दोन्ही बाजूंना विचारायचा आहे. निकाल तुमच्याविरुद्ध लागला, तर तुम्ही तो मानाल का?

मानणार नसाल, तर मधे देवाला आणू नका. सरळ जागेच्या ताब्याचं बोला. सातबारा, वहिवाट, विश्वस्त, दानपेटी यांचं बोला. तेही बोलण्याजोगे विषय आहेत, पण त्यांना भक्तीचे कपडे चढवू नका.

हा प्रश्न मला सुचला तो याच गडाच्या इतिहासातून.

1780 साली इंग्रज कल्याणपर्यंत आले. कॅप्टन ॲबिंग्टन हा गड घ्यायला निघाला. खालचा भाग त्यानं घेतलाही, पण वर मराठ्यांची शिबंदी होती, तिनं दाद दिली नाही. दोनेक वर्षांनी इंग्रज गेले आणि कल्याणच्या लोकांची खात्री पटली, की हे मलंगबाबांनीच घडवून आणलं. मग मराठ्यांकडून दर्ग्याला भेट गेली. घेऊन कोण गेलं? कल्याणचे काशिनाथपंत केतकर. ब्राह्मण. ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या गॅझेटियरात हे छापलेलं आहे, कुणालाही वाचता येतं. पंतांनी कबरीची डागडुजी काढली, तेव्हा दगड आपोआप घडवलेले मिळाले, अशी आख्यायिकाही त्याला जोडून सांगतात. घडीव दगड आपोआप मिळतात यावर माझा विश्वास नाही, तुमचा असेल तर जरूर असू दे. मला त्यात निराळीच गोष्ट मोलाची वाटते. ज्या कुणी ही आख्यायिका पहिल्यांदा सांगितली, त्याला ब्राह्मणाच्या हातून पीराची कबर दुरुस्त होण्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बाबांनीच हातभार लावला, असं त्यानं सांगितलं.

पुढे कारभार केतकरांकडे असणं काही मुसलमान मंडळींना खुपू लागलं. तक्रार झाली. इथे जरा थांबा, कारण हा तपशील सगळे गाळतात. तक्रार होती ती कारभार कुणाच्या हाती असावा याची. ही जागा मुळात कुणाच्या धर्माची, असा वाद त्या वेळी कुणी घातला नव्हता. 1817 साली असं ठरलं, की बाबांनाच विचारावं. चिठ्ठ्या टाकल्या. काशिनाथपंतांच्या प्रतिनिधीची चिठ्ठी निघाली. पुन्हा टाकल्या, पुन्हा तीच. तिसऱ्यांदाही तीच. वहिवाट केतकरांकडे राहिली.

चिठ्ठ्यांनी न्याय होतो, असं मी म्हणत नाही. आजच्या कोर्टात असं कुणी सुचवलं तर मीच विरोध करीन. पण त्या दिवशी गडावर जमलेल्या माणसांकडे बघा. दोन्हीकडच्यांना एक गोष्ट मान्य होती, की आत जो कुणी आहे तो आपल्यापेक्षा मोठा आहे आणि तो आपल्याविरुद्धही बोलू शकतो. कोकणात देवाला कौल लावतात. पाषाणाला फुलं चिकटवतात, उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. डावं पडलं म्हणून कुणी देव बदलत नाही. गाऱ्हाणं घालून, मान खाली करून माणूस घरी जातो. नकार ऐकून घ्यायची ही जी ताकद आहे, तिला मी श्रद्धा म्हणतो. आज गडाच्या नावानं घोषणा देणाऱ्यांपैकी किती जण तिसऱ्या चिठ्ठीनंतर घरी गेले असते?

दुसरा कौल कागदावर आहे. केतकरांचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध महंमद जाफर, निकाल 1954 चा. न्यायालयानं म्हटलं, की हे संमिश्र स्थान आहे. त्याला हिंदू कायदा लावता येत नाही, मुस्लिम कायदाही लावता येत नाही. त्याची स्वतःची जी खास रूढी आहे ती लागू, नाहीतर विश्वस्त निधीचा सर्वसाधारण कायदा. म्हणजे देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं सांगितलं, की ही जागा दोन साच्यांपैकी एकातही बसत नाही, ती जशी आहे तशी बघा.

आपण ती तशी बघायला तयार नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला आनंद दिघे यांनी इथे मच्छिंद्रनाथांची समाधी असल्याचं सांगत आंदोलन उभं केलं. 1996 मध्ये त्यांनी हजारो शिवसैनिकांसह गडावर पूजेचा आग्रह धरला, त्या वर्षीच्या पूजेला तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर जोशी आले. जानेवारी 2024 मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मलंगगडाच्या मुक्तीचा शब्द दिला. कुठून दिला? हरिनाम महोत्सवाच्या मंचावरून. नामस्मरणाला बसलेल्या माणसांसमोर. त्या वेळी विश्वस्त केतकरांकडून 1954 च्या निकालाकडे बोट दाखवलं गेलं, पण बातमी एका दिवसाची ठरली. इकडे गडावर चढायला म्हाताऱ्याकोताऱ्यांचे गुडघे दुखत राहिले आणि त्यांच्यासाठी घेतलेलं फ्युनिक्युलर रेल्वेचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. मुक्तीच्या घोषणेला जोर होता, लोकांना वर नेणाऱ्या गाडीला नव्हता.

आता हिंदू बाजूला विचारतो. इथे फक्त समाधीच असेल, तर मराठ्यांनी भेट कुणाला पाठवली? केतकरांच्या पिढ्यान् पिढ्यांनी संदलाची, उरुसाची व्यवस्था पाहिली, ती काय अजाणतेपणी? की तुम्हाला जे कळलं ते त्यांना दोनशे वर्षांत कळलं नाही? तुमचा दावा खरा ठरवायचा तर आधी तुमच्याच पूर्वजांना खोटं पाडावं लागतं. ते करायची हिंमत असेल तर तसं बोला, नसेल तर दावा आवरता घ्या.

मुसलमान बाजूलाही तेवढंच कडक विचारतो. हा फक्त दर्गाच असेल, तर दोनशे वर्षं एका हिंदू घराण्याचा हात इथल्या कारभारावर कसा राहिला? बाबा येमेनहून आले आणि नल राजानं आपली मुलगी त्यांना दिली, ही कहाणी तुम्हीच यात्रेकरूंना सांगता. म्हणजे तुमच्याच कहाणीत इथलं घर दोन माणसांच्या सोयरिकीवर उभं आहे. मग पौर्णिमेच्या आरतीचा आवाज आल्यावर कपाळाला आठी का पडावी? घोषणाबाजी करणाऱ्या टोळक्याचा राग समजतो. पण गावाहून आलेल्या, हातात निरांजन धरलेल्या बाईला त्या टोळक्यात ढकलू नका. ती टोळक्याच्या आधीपासून येते आहे.

आत कोण आहे, हे आज हयात असलेल्या एकाही माणसानं पाहिलेलं नाही. एवढं वाक्य दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी मोठ्यानं म्हणून दाखवावं. ते म्हटल्यानं ना मच्छिंद्रनाथ लहान होतात, ना बाबा.

आणि मच्छिंद्रनाथांचं नाव घेताय तर पुरतं घ्या. मच्छिंद्रनाथांचे शिष्य गोरक्षनाथ, त्यांचे गहिनीनाथ, त्यांचे निवृत्तिनाथ आणि निवृत्तिनाथांचे ज्ञानदेव. मराठी भक्तीची सगळी गंगा या वाटेनं आली. त्याच भक्तीत श्रीगोंद्याचे शेख महंमद बसले आणि त्यांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. नाथांचं स्थान आणि पीराचं स्थान एकच असणं हे या मुलखात नवलाचं नव्हतं. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथ आहेत, त्यांनाच शाह रमजान माहीसवार म्हणून लोक मानत आले. त्याच मढीच्या ग्रामसभेनं 2025 च्या यात्रेआधी मुस्लिम दुकानदारांना बंदी करणारा ठराव केला. कानिफनाथांना विचारून केला का? तिथे कौल लावायचं कुणाला सुचलं नाही.

उल्हासनगरच्या माझ्या सिंधी मित्रांनाही यात ओढणार आहे, कारण त्यांना ही गोष्ट इतर कुणाहीपेक्षा जास्त कळायला हवी. 1947 नंतर सिंध सोडून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावण्यांत राहिली आणि 1949 साली त्या छावण्यांचं उल्हासनगर झालं. मागे काय काय राहिलं? घरं राहिली, शेतं राहिली आणि उडेरोलाल राहिलं. सिंधमधलं ते झुलेलालांचं स्थान. हिंदू तिथे झुलेलालांना नमतात, मुसलमान त्याच आवारात शेख ताहिर म्हणून माथा टेकतात. फाळणीनं देश तोडला, लाखो माणसं उठवली, तरी ते आवार आजही दोघांचं आहे. चालिहाचं चाळीस दिवसांचं व्रत करणारं प्रत्येक घर ज्या झुलेलालांचं नाव घेतं, त्यांचं मूळ स्थान असं आहे. तेव्हा मलंगगडाच्या वादात उल्हासनगरातून जो कुणी उठून बोलेल, त्यानं आधी आपल्या आजीला उडेरोलाल कसं होतं ते विचारावं. आजी नसेल तर ज्याच्या आजीनं पाहिलंय अशा कुणाला तरी विचारावं.

लोक म्हणतील, इतिहास उकरला की भावना दुखावतात. खोटं आहे हे. अंबरनाथच्या शिवमंदिराचीच गोष्ट घ्या. आजही गाभाऱ्याकडे पायऱ्या उतरताना कुणीतरी मुलाला सांगत असतं, की हे पांडवांनी एका रात्रीत बांधलं. मुलाला ते ऐकायला आवडतं, ऐकू द्या. पण त्याच मंदिरात, उत्तरेकडच्या दाराशी, शिलाहारांचा शिलालेख आहे. त्याचा काळ एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजींनी शके 782 असा वाचला. भाऊ दाजी म्हणजे त्या काळातलं मोठं नाव. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख पुन्हा वाचला आणि शके 982 असं ठरवलं, म्हणजे इसवी सन 1060, शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. हे भगवानलाल कोण? जुनागढहून आलेले, भाऊ दाजींच्याच हाताखाली काम केलेले. ज्यांनी कामाला लावलं त्यांचाच आकडा दोनशे वर्षांनी दुरुस्त केला. मंदिर दोनशे वर्षांनी धाकटं झालं! एकाही शिवभक्ताची भावना दुखावली नाही. महाशिवरात्रीची रांग एका माणसानंही कमी झाली नाही. सत्य सांगितल्यानं पिंडीवरचं पाणी आटत नाही, हे या गावानं दाखवून दिलेलं आहे. गावानंच ते विसरावं, याचा मला खेद होतो.

विवेक शिकायला ग्रंथच उघडायला हवा असं नाही. अंबरनाथ लोकलच्या भजनाच्या डब्यात तो मला दिसला. सकाळची गर्दी, दाराशी उभ्या असलेल्या एका पोरानं मोबाइल पुढे केला. 'बघा, मलंगगडावर काल काय झालं.' जमाव, दगड, आरडाओरडा. डब्यात कुजबुज सुरू झाली, एकानं तर लगेच पुढे पाठवायला मागितलं. टाळ घेऊन बसलेल्या एका बुवांनी टाळ मांडीवर ठेवले, खिशातून चष्मा काढला, मोबाइल हातात घेतला आणि तो व्हिडिओ दोनदा पाहिला. मग म्हणाले, 'ही रिक्षा हिरवी-पिवळी आहे रे. आपल्याकडे कुठल्या असल्या रिक्षा?' सगळे वाकून बघू लागले. खरंच, मागे हिरवी-पिवळी रिक्षा उभी होती. ठाणे जिल्ह्यातल्या रिक्षा काळ्या-पिवळ्या. पोरगा खजील झाला, पण हटला नाही. म्हणाला, 'पण काका, असं घडतंच ना!' बुवा म्हणाले, 'जे घडतं ते सांग. हे इथं घडलेलं नाही.' आणि त्यांनी टाळ पुन्हा हातात घेतले.

'असं घडतंच ना' हे वाक्य नीट ऐका. आजचं सगळं खोटं या वाक्याच्या आडोशानं चालतं. दोन्हीकडे चालतं. मोहल्ल्यातल्या ग्रुपवर असेच दुसऱ्या गावचे व्हिडिओ फिरतात, तिथेही कुणीतरी म्हणतं, 'होत तर असतंच.' समोरचा वाईट आहे हे आधी ठरलेलं असतं, पुरावा नंतर कुठूनही उचलून आणायचा. जो माणूस रोज देवापुढे हात जोडतो, नमाजाला उभा राहतो, ग्रंथसाहिबापुढे माथा टेकतो, त्याला ही सवलत नाही. बाकीच्यांना एक वेळ आहे म्हणा. ज्याचा दावा आहे, की वर कुणीतरी सगळं पाहतंय, त्यानं पाठवायच्या आधी दोनदा पाहायलाच हवं.

आणि जिथे आपला राग खरा असतो, तिथे ही परीक्षा सगळ्यात अवघड होते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. 20 तारखेला लोक रुळांवर उतरले, तासन् तास गाड्या थांबल्या. तक्रार नोंदवायला आईबापांना तिष्ठत बसावं लागलं होतं. तो राग शंभर टक्के खरा होता. महिनाभरानं, 23 सप्टेंबरला, आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. पेढे वाटले गेले, फटाके वाजले, देवानंच न्याय केला असं म्हटलं गेलं. दफनालाही ठिकठिकाणी विरोध झाला. जानेवारी 2025 मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरल्याचं उच्च न्यायालयापुढे आलं.

मला त्या आरोपीचा पुळका नाही. मला त्या मुलींचा आहे. खटला उभा राहिला असता, तर आरोपीच्या तोंडून, उलटतपासणीतून जे बाहेर आलं असतं, ते त्या गाडीत कायमचं संपलं. कुणाला काय आधी ठाऊक होतं, कुणी काय दडपलं, यातलं किती गेलं ते आता मोजताही येत नाही. त्या दिवशी पेढा तोंडात घालणाऱ्यांत माळकरी होते, नवस बोलणाऱ्या बाया होत्या, चांगली माणसं होती. देवाच्या न्यायावर त्यांचा खरोखर भरवसा असता, तर निकालाची वाट पाहण्याचा धीर त्यांना झाला असता. देवाचं नाव पिस्तुलाला लावायची घाई झाली नसती.

पुन्हा गडाकडे येतो, कारण मला एक ठोस मागणी करायची आहे. मलंगवाडीला पायऱ्या सुरू होतात, तिथे फुलांच्या चादरी, नारळ, अगरबत्त्या विकणारी दुकानं आहेत. दुकानं हिंदूंचीही आहेत, मुसलमानांचीही, आणि चादर दोन्हीकडे मिळते. तिथे, पहिल्या पायरीशी, एक पाटी लावा. मराठीत आणि उर्दूत. वाक्यं तीन. मराठ्यांनी पाठवलेली भेट घेऊन काशिनाथपंत केतकर या गडावर आले. 1817 साली कारभाराचा वाद चिठ्ठ्यांनी मिटवला आणि कारभार केतकरांकडे राहिला. 1954 साली सर्वोच्च न्यायालयानं हे स्थान संमिश्र असल्याचं म्हटलं. बाकी काही नको. जयजयकार नको, कुणाचा फोटो नको, सौजन्य अमुक अमुक नको.

पाटीचा खर्च वर्गणीतून निघेल, पहिली वर्गणी माझी. माघी पौर्णिमेच्या यात्रेआधी ती लागली पाहिजे. आरतीला येणाऱ्या मंडळांनी आणि संदल काढणाऱ्यांनी एकत्र बसून मजकूर तपासावा, गॅझेटियर आणि निकालपत्र समोर ठेवून. यातलं एखादं वाक्य ज्याला नको असेल, त्यानं ते कोणतं आणि का नको, हे कागदावर लिहून द्यावं. खाली स्वतःचं नाव घालून, सही करून.